जिच्या हातात काहीच नाही, तिची कादंबरी कशी होते?

काही दिवसांपूर्वी एका कथालेखन कार्यशाळेत मागच्या बाकावर बसून ऐकत होते. एका मुलीने आपल्या पणजीवर कथा लिहिली होती. पणजीचं नवव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी ती विधवा झाली आणि पुढची साठ वर्षं दिराच्या घरी स्वयंपाक करत राहिली. कथा वाचून झाल्यावर मार्गदर्शक म्हणाले, "भाषा छान आहे. पण तुझी नायिका काहीच करत नाही. तिला एखादा निर्णय घ्यायला लाव. पात्र निर्णय घेतं, त्यातून कथानक पुढे सरकतं." मुलीने वहीत लिहून घेतलं. नंतर चहाच्या वेळी मला म्हणाली, "पण ताई, तिने खरंच कधी काही ठरवलं नव्हतं हो. तिला कुणी विचारलंच नव्हतं."

मी तेव्हा नुसती हसले. घरी येईपर्यंत मात्र ते वाक्य डोक्यात राहिलं, कारण माझ्या प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण याच अडचणीवर उभं आहे. ही अडचण त्या मुलीची एकटीची नाही, मराठी कादंबरीची ती जन्मापासूनची आहे. दीडशे वर्षांपूर्वी एका लेखकाने ती छापून सांगितली होती. तिथूनच सुरुवात करू.

रिसबुडांची तक्रार

नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' ही कादंबरी १८६८ साली आली. अद्भुत प्रसंग, देखणे नायक-नायिका, ताटातूट आणि पुनर्भेट असा तिचा थाट. आज ती कुणी मौजेखातर वाचेल असं वाटत नाही. पण तिची प्रस्तावना माझ्यासाठी सोन्याची खाण आहे. रिसबूड त्यात वाचकाला जवळजवळ कबुलीच देतात. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: आपल्या हिंदू लोकांची लग्नाची रीत आणि इतर चालीरीती पाहता आपल्या आयुष्यात ना रंजक सद्गुण सापडतात, ना रंजक दुर्गुण. रोज डोळ्यांसमोर घडतं तेच लिहिलं तर त्यात मन रमणार नाही. म्हणून करमणुकीचं पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडे वळावंच लागतं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही पळवाट वाटली. आता तसं वाटत नाही. रिसबूड फार नेमकं बोलत होते. त्या काळच्या शिकलेल्या माणसाच्या हातात इंग्रजी कादंबऱ्या होत्या. त्यांत दोन तरुण माणसं भेटतात, एकमेकांना जोखतात, गैरसमज होतात, घरचे आडवे येतात आणि शेवटी लग्न होतं. इथे मुलगी आठ-नऊ वर्षांची, मुलगा थोडा मोठा, आणि सगळं ठरवणार वडीलधारी. म्हणजे बघा, तिकडे लग्न गोष्टीच्या शेवटी येतं आणि इकडे गोष्ट सुरू व्हायच्या आतच ते उरकलेलं असतं. मग सांगायचं काय?

लेखकांनी यावर तोडगा काढला तो असा, की माणसंच बदलून टाकायची. राजपुत्र घ्यायचा, राजकन्या घ्यायची, म्हणजे त्यांना अरण्यातही फिरता येतं आणि प्रेमातही पडता येतं. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) याच घराण्यातली. तिच्यात संकटांची रांग लागते, पण नायिका पहिल्या पानावर जेवढी सद्गुणी असते तेवढीच शेवटच्या पानावरही असते. संकटं तिच्यावर येऊन जातात, तिच्यात उतरत नाहीत. आपण ज्याला व्यक्तिरेखेची खोली म्हणतो ती इथे नाही, कारण तिची गरजच पडलेली नाही. कथानकाला फक्त एक सुंदर आणि निष्पाप जीव हवा होता, जो हरवेल आणि सापडेल.

हे सगळ्यांना पटत होतं असं नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहिला. शीर्षकातला 'नावल' हा शब्द बघा. बाणभट्टाच्या ग्रंथाच्या नावावरून आलेला 'कादंबरी' हा शब्द तोवर पुरता रुळायचा होता. मराठ्यांनी असंभाव्य गोष्टींवर टीका केली आणि जगात जसं घडतं तसं लिहिण्याची बाजू मांडली. टीका रास्त होती. पण रिसबुडांच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नव्हतं. जगात जसं घडतं तसं लिहा हे खरं, पण घडणं ज्यांच्या हातात नाही त्यांचं काय लिहायचं?

पहिली यमुना

खरं तर रिसबुडांच्या अकरा वर्षं आधी एकाने तसा प्रयत्न केला होता. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ साली आलं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे शाई वाळायच्या आतच. पदमनजी ख्रिस्ती झालेले होते आणि त्यांचा हेतू उघड होता: हिंदू विधवांची स्थिती लोकांसमोर मांडायची. त्यासाठी त्यांनी राजकन्येऐवजी घरातली बाई घेतली. यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत तिला एकामागून एक विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कहाणी ती ऐकते.

विषय खरा, माणसं खरी. पण रचना कशी आहे ते पाहा. यमुना ऐकणारी आहे. प्रत्येक विधवा म्हणजे एक उदाहरण. ती येते, आपलं दुःख सांगते आणि मागे पडते. पुस्तक एखाद्या प्रदर्शनासारखं चालतं, एका दालनातून दुसऱ्या दालनात. पुढे यमुना स्वतःच विधवा होते तेव्हा पुस्तकाला कथानक मिळण्याची शक्यता तयार होते. पण लेखकाकडे उत्तर तयार असतं: ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो. लेखकाच्या श्रद्धेच्या बाजूने हा शेवट सुसंगत आहे. वाचक म्हणून मात्र वाटतं, की प्रश्न नीट उलगडायच्या आत उत्तर येऊन बसलं. यमुनेच्या मनात काय चाललं होतं हे आपल्याला फारसं कळत नाही.

म्हणजे १८७० च्या आसपास हिशेब असा होता. एका बाजूला कथानक होतं पण माणूस नव्हता, आणि दुसऱ्या बाजूला खरी माणसं होती पण ती उदाहरणं होऊन बसली होती. दोन्ही एकत्र कशी आणायची, हे कुणाला जमत नव्हतं.

दुसरी यमुना

१८९० साली पुण्यात हरी नारायण आपटे यांनी 'करमणूक' नावाचं साप्ताहिक सुरू केलं. ते तेव्हा २६ वर्षांचे होते. आधी 'मधली स्थिती' लिहून झाली होती. तिच्यावर रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीची छाया होती. 'करमणूक'मध्ये त्यांनी क्रमशः लिहायला घेतलं 'पण लक्षात कोण घेतो?'. नायिका पुन्हा एक यमुना, घरात सगळे तिला यमू म्हणतात. पुण्याच्या ब्राह्मण घरातली, लहानपणीच लग्न झालेली, पुढे विधवा होणारी. रिसबुडांनी ज्या आयुष्यात सांगण्यासारखं काहीच नाही म्हटलं होतं, नेमकं तेच आयुष्य.

आपट्यांनी केलेला पहिला बदल साधा आहे आणि सगळं त्यावर उभं आहे. गोष्ट यमू स्वतः सांगते. पुरुष लेखकाने बाईच्या तोंडून, घरगुती मराठीत, आत्मचरित्र सांगावं तशी. याने काय साधलं? यमूला बाहेर काही करता येत नाही, पण तिला दिसतं आणि आठवतं. सांगणारी यमू मोठी आहे, सगळं भोगून झालेली. जिच्याबद्दल ती सांगते ती यमू लहान आहे, आईबाबांच्या घरात दादाशी भांडणारी. या दोघींमधलं अंतर हीच या व्यक्तिरेखेची खोली. लहान यमूला एखादी गोष्ट मौजेची वाटते आणि मोठ्या यमूला ठाऊक असतं की ती मौजेची नव्हती. ती ते प्रत्येक वेळी बोलून दाखवत नाही. आपण दोन्ही यमूंना एकदम ऐकतो.

कृती करता न येणाऱ्या माणसाला पात्र बनवायचं असेल, तर त्याच्या हातांऐवजी त्याच्या नजरेला काम द्यावं लागतं. आपट्यांनी यमूला नजर दिली. तापट वडील घरी आले की घर कसं गप्प होतं, सासरी कोण कुणाशी काय सुरात बोलतं, कुठला शब्द टोचण्यासाठी होता आणि कुठला चुकून निसटला, हे ती टिपत राहते. ज्याच्या हातात सत्ता नसते त्याला इतरांच्या चेहऱ्यावरचे भाव वाचावेच लागतात, त्यावर त्याचा दिवस अवलंबून असतो. यमूची ही निरीक्षणशक्ती लेखकाने हौसेने चिकटवलेली नाही. तिच्या परिस्थितीने ती तिला दिली आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे घटनांचं माप. राजपुत्राच्या गोष्टीत राज्य जातं तेव्हा घटना घडते. यमूच्या घरात नवऱ्याने बायकोला अक्षरं शिकवणं हीच घटना होते, आणि साधीसुधी नव्हे. रघुनाथराव तिला लिहा-वाचायला शिकवू लागतात आणि त्याचे पडसाद घरभर उमटतात. पुढे मुंबईला बिऱ्हाड करणं ही तर क्रांतीच. मापच बदलल्यावर रिसबुडांच्या 'रोजच्या' आयुष्यात घटनांचा तुटवडा राहत नाही. तो तुटवडा मुळात आयुष्यात नव्हता, मोजणाऱ्याच्या पट्टीत होता.

दुर्गी कशासाठी आहे?

आता कथानकाकडे येऊ, कारण मला स्वतःला ही कादंबरी नव्याने उलगडली ती इथे.

यमूची एक मैत्रीण आहे, दुर्गी. दोघी एकाच वयाच्या, एकाच तऱ्हेच्या घरातल्या, दोघींची लग्नं लहानपणी ठरवलेली. फरक एकच. यमूला रघुनाथरावांसारखा समंजस, शिकलेला नवरा मिळतो. दुर्गीच्या वाट्याला उनाड, निकामा नवरा येतो. बराच काळ कादंबरी या दोन संसारांची तुलना करत चालते. वाचकाच्या मनात हळूहळू एक समजूत घट्ट होते: चांगला नवरा मिळाला की बाईचं भलं होतं. त्या काळच्या सुधारकांनाही हे आवडण्यासारखं होतं. मुलगे शिकले, सुधारले की मुलींचे हाल संपतील!

आणि मग रघुनाथराव मरतात.

हा मृत्यू नुसता रडवण्यासाठी असता तर कादंबरी तिथेच साधारण ठरली असती. पण त्या क्षणी इतके दिवस जमवलेली तुलना उलटी फिरते. यमूचं सुख कधीच तिचं नव्हतं. एका चांगल्या माणसाने तिला ते दिलं होतं, आणि तो गेल्याबरोबर ते परत घेतलं गेलं. जे हक्काने मिळत नाही, नशिबाने मिळतं, ते जायला किती वेळ लागतो? रघुनाथरावांच्या मागे शंकरमामंजींच्या कारस्थानाने यमूचं जबरदस्तीने केशवपन होतं. वाचायला, विचार करायला शिकलेली ही बाई, आणि स्वतःच्या डोक्यावरच्या केसांवरही तिचा अधिकार नाही. आता दुर्गी आणि यमू एकाच ओळीत येऊन बसतात.

समाधान देणारं कथानक म्हणजे गोड शेवट अशी आपली एक समजूत असते. इथे शेवट अजिबात गोड नाही, तरी वाचक फसवल्याची तक्रार करत नाही. कारण जे घडलं त्याची तयारी पहिल्या पानापासून चालली होती, आणि आपणच आशेपोटी तिकडे लक्ष दिलं नव्हतं. म्हणून तर शीर्षकाचा प्रश्न शेवटी आपल्याकडेच येतो. यमू काहीही ठरवत नाही आणि तरीही कथानक घट्ट आहे, कारण इथे कथानक वाचकाच्या समजुतीचं आहे. ती समजूत आधी बांधली जाते आणि मग मोडली जाते.

हे साप्ताहिकातून येत होतं हेही विसरू नये. १८९१ च्या जानेवारीत संमतिवयाचं विधेयक मांडलं गेलं आणि मार्चमध्ये कायदा झाला. मुलीचं संमतिवय १० वरून १२ वर गेलं. पुण्यात त्यावरून केवढं रण माजलं होतं ते सर्वांना माहीत आहे. म्हणजे सभांमधून 'हिंदू स्त्री' या विषयावर पुरुषांची भाषणं झडत होती, त्याच दिवसांत घरोघरी यमूची गोष्ट हप्त्याहप्त्याने वाचली जात होती. भाषणात स्त्री हा मुद्दा होता. 'करमणूक'मध्ये ती ओळखीची होत चालली होती.

जिथे आपटे घसरतात

कौतुक पुरे झालं, आता दुसरी बाजू. शंकरमामंजी हे पात्र मला खटकतं. ते ढोंगी आहेत, कपटी आहेत, आणि जवळजवळ दुसरं काहीच नाहीत. यमूच्या वडिलांचा तापटपणा आपल्याला समजतो. ते त्यांच्या जगातले, त्या वळणाचे. शंकरमामंजी मात्र जुन्या अद्भुत कादंबरीतून थेट पुण्याच्या वाड्यात शिरलेले खलनायक वाटतात. कथानकाला धक्का हवा असला की ते हजर.

यात फक्त कलेचं नुकसान नाही. केशवपन एका दुष्ट माणसामुळे झालं असं दिसलं, की वाचकाला सुटकेचा मार्ग मिळतो: आमच्या घरात कुठे शंकरमामंजी आहेत? खरं तर असल्या गोष्टी बहुतेक घरांत दुष्टपणाशिवायच होत होत्या, प्रेम करणाऱ्या माणसांच्या हातून, डोळे पुसत. तो प्रसंग आपटे लिहिते तर शीर्षकातला प्रश्न आणखी टोचला असता.

दुसरी मर्यादा नजरेची. हे जग पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरांचं आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून सगळ्याच पुरुषांना, आणि बायकांना वाईट रंगवणाऱ्या लेखकांनाही, फैलावर घेतलं होतं. आणि १८९० सालीच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांचं केशवपन न करण्याचं ठरवलं. निर्णय घेणारं पात्र हवंच असेल तर ते इथे होतं, वस्तरा हातात असलेलं! पण त्या बाजूने गोष्ट सांगितली गेली नाही.

मग नियम आला कुठून?

कार्यशाळेतला तो नियम, 'पात्राला निर्णय घ्यायला लावा', हा कुठून आला असेल? माझा अंदाज असा. १९३१ साली ना. सी. फडक्यांचं 'प्रतिभासाधन' आलं आणि मराठीत कथा-कादंबरीच्या तंत्राची पद्धतशीर चर्चा रुजली. गुंतागुंत कशी घालावी, उत्कंठा कशी वाढवावी, हे शिकवता येतं असा विश्वास त्यातून आला. फडक्यांचे स्वतःचे नायक-नायिका बघा: शिकलेले, शहरी, एकमेकांना भेटू शकणारे, निवडू शकणारे. शारदा कायदा १९२९ चा. त्याने मुलीचं लग्नाचं किमान वय १४ केलं. मुली शाळा-कॉलेजात दिसू लागल्या होत्या. म्हणजे रिसबुडांची अडचण, निदान एका वर्गापुरती, समाजानेच सोडवून दिली होती. आता लग्न गोष्टीच्या शेवटी आणता येत होतं.

तेव्हा हा नियम चुकीचा नाही. फक्त त्याला जन्मतारीख आहे आणि पत्ताही आहे. ज्यांना थोडंफार ठरवता येतं अशा माणसांच्या गोष्टींतून तो आला, त्यांच्यासाठी तो छान चालतो. बाकीच्यांना तो लावला की दोनपैकी एक होतं. एक तर आपण पणजीला खोटं बंड करायला लावतो, नाही तर 'हिच्यात गोष्टच नाही' म्हणून तिला सोडून देतो. दुसरं केलं की आपण पुन्हा १८६८ मध्ये, रिसबुडांच्या शेजारी जाऊन बसतो.

त्या मुलीचा मेल मी शोधून काढला आणि तिला लिहिलं. पणजीला काही करायला लावू नकोस. ती काय बघत होती ते लिही. साठ वर्षं दुसऱ्याच्या चुलीपाशी बसलेल्या बाईला घरातल्या प्रत्येकाची पावलं आवाजावरून ओळखता येत असणार. कोण भुकेने आलंय, कोण रागाने आलंय, कोण मुद्दाम उशिरा आलंय, हे तिला ताट वाढण्याआधीच कळत असणार. तिथून सुरू कर. आणि वाचकाला आधी वाटू दे, की हे घर तसं बरं आहे.

तिचं उत्तर दोन ओळींचं आलं. आजीला फोन करून विचारते, म्हणाली, पणजीला घरात कुणाचं काय काय माहीत होतं ते.